खंडेनवमीला उघडलेलं चाक

माझं माहेर नरडाण्याकडचं. गावाचं नाव नका लिहू, तिथं भाऊ शेत माझे, शेत म्हणजे आहेत, त्यांना वाटायचं बहिणीनं घर चव्हाट्यावर आणलं. तुमच्यापुढं मी जरा शुद्ध बोलायचं पाहते, पण मला राग आला की अहिराणी निघते तोंडातून, ती तशीच लिहा, तिला इस्त्री मारू नका. आम्ही लोहार. बाप बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा, धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, न विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, जे येईल ते. पण बाप काय एकटा करायचा का? बाप सांडशीत लाल लोखंड धरून बसायचा न घण मारायची माझी माय. लुगड्याचा काष्टा खोचलेला, कपाळावरून घाम चाललाय, न दण दण दण. बापानं सांडशी नुसती वळवली की मायला कळायचं आता कुठं मारायचं, दोघं बोलायचे सुद्धा नाही. गावात एक माणूस कधी म्हणला नाही की बाईमाणसानं लोखंडाला हात कसा लावला. आणि मी माझ्या दारात गाडीचं चाक खोललं तर बठ्ठी, म्हणजे सगळी गल्ली पाहायला जमली. हे कसं काय, ते तुम्ही शिकलेले लोक मला समजावून सांगा.

खंडेनवमी माहीत शे ना तुम्हाला? दसऱ्याचा आदला दिवस. बठ्ठी हत्यारं धुवायची, पाटावर मांडायची, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, न मंग दसऱ्याची पूजा होईस्तोवर त्यांना हात लावायचा नाही. आमच्या घरी त्या दिवशी भट्टी थंड असायची. ऐरणीला कुंकू, घणाला कुंकू. बाप पारावर जाऊन बसायचा गप्पा ठोकत. न माय? माय चुलीपुढं. खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या, आल्यागेल्याला वाढायच्या, भांडी घासायची. मी लहान व्हते, मायला म्हटलं आज सुट्टी ना आपल्याला, तर माय म्हणे, सुट्टी घणले शे वं, मले कोन देस? ते मी विसरली नाही. पुढं जे झालं ते ह्याच एका वाक्यामुळं झालं म्हणा ना.

लग्न होऊन आले एरंडोलला. आमचे हे ड्रायव्हर. बापू म्हणतात त्यांना गल्लीत. आधी दुसऱ्याची गाडी चालवायचे, मंग स्वतःची घेतली, जुनीच, पण स्वतःची. लग्नाची वर्दी, म्हणजे भाड्याची फेरी, दवाखान्याची वर्दी, पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला लोकांना नेणं, हाच धंदा. गाडीचा एवढा लळा की सकाळी माझ्याकडे पाहायच्या आधी तिच्याकडे पाहायचे. खोटं नाही सांगत. ब्रेकच्या बाबतीत तर देवापेक्षा कडक. रशीदभाईचं गॅरेज शे आमच्याकडे, हे तिथं उभे राहून काम करून घ्यायचे, न ब्रेकच्या जवळ कुणाचं ग्रीसचं बोट दिसलं तरी भांडण काढायचे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार शे.

मंग साखर लागली त्यांना. पथ्य केलं नाही, गोळ्या मनाला येईल तेव्हा, न साखर डोळ्यात उतरली. आधी रात्रीची वर्दी सुटली, मंग दिवसाची. आता माणूस समोर आला तर माणूस शे एवढं कळतं, कोण शे ते आवाजावरून. गाडी दारात उभी न हे ओट्यावर बसलेले, दिवसभर सुपारी चघळायची. ओट्याखाली उतरायचे नाही, कारण उतरायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागेल, न बापू ड्रायव्हरनं गल्लीतून दुसऱ्याचा हात धरून जायचं? ते काही त्यांना जमेना. मी म्हटलं गाडी मी शिकते. हसले. मी शिकले. लायसन काढलं. मंग हसणं बंद झालं न अट आली. म्हणे, चालव, पण ज्या दिवशी ही गाडी तुझ्या हातून बिघडेल त्या दिवशी चावी माझ्याकडे द्यायची, न गाडी विकायची, मंग रडायचं नाही. मी म्हटलं कबूल. रडणारी पोर लोहाराच्या घरात नसतेच, तिचे अश्रू तर भट्टीजवळच वाळतात.

माझी कायमची वर्दी एकच, वत्सलाअक्का. आमच्या मागच्या गल्लीत राहते, किडन्या गेलेल्या, एकाआड एक दिवस जळगावला डायलिसिसला न्यावं लागतं. पोरगं सुरतला, तिकडून फोन करतं. अक्काला बस झेपत नाही, दुसऱ्या गाडीवाल्यांनी दोन-चारदा टांग दिली, तेव्हापासून अक्का म्हणते, सुमन नेईल तरच मी जाईन. सुमन म्हणजे मी. डायलिसिस काही उद्यावर टाकायची गोष्ट नाही. टाकली की अंगात पाणी भरतं, श्वास चढतो. मी पाहिलंय एकदा, पुन्हा पाहायचं नाही.

तर त्या साली अक्काची पाळी नेमकी दसऱ्याला आली. न गाडीचं पुढचं चाक आधीचा बठ्ठा आठवडा कुरकुरत होतं. ब्रेक मारला की बारीक किंचाळायचं. मला ठाऊक होतं ब्रेकचे पॅड झिजलेत, नवे पॅड आणून घरात ठेवले होते, रशीदभाई म्हणले व्हते टाकून देतो भाभी, पण सणाच्या तोंडावर त्यांच्याकडे ही गर्दी. मी आदल्या फेरीला अक्काला घेऊन आले तर किंचाळणं गेलं न खर्रर्र आवाज यायला लागला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. पॅड संपले. आता अशा गाडीत अक्काला घालून हायवेवर जायचं म्हणजे जिवाशी खेळ. नवमीच्या सकाळी रशीदभाईकडे गेले तर शटर अर्धं खाली, आत बठ्ठी हत्यारं चादरीवर मांडलेली, वर झेंडूचे हार. त्यांचे कारागीर बठ्ठे आपले हिंदू, न रशीदभाई स्वतः पण हा दिवस पाळतात, म्हणे भाभी, लोखंड तर सगळ्यांचं एकच ना, आज पान्याला हात नाही लावत, परवा या. परवा. अक्काची पाळी उद्या.

घरी आले. आमच्या घरात पण पाट मांडलेला. सासूनं मांडला होता, तिला बठ्ठे जिजी म्हणतात, ऐंशीच्या पुढची, पण काम सोडत नाही. पाटावर ह्यांचा पाना, जॅक, पकड, स्क्रू-ड्रायव्हर, बठ्ठं धुऊन पुसून, कुंकवाची बोटं लावून. मी हात जोडले. देवाला नाही, खरं सांगते, मायला जोडले. न मंग पाना उचलला.

जिजी म्हणे, अवं काय करस, आज नवमी शे. हे ओट्यावरून ओरडले, पूजेतला पाना उचलायचा नाही, सांगून ठेवतो. मी म्हटलं अक्काचा श्वास काय नवमी पाहून थांबणार शे का? पाना सुट्टीवर शे, मी नाही. न मी पदर खोचला.

तुम्हाला सांगते कसं करतात ते, अवघड काही नाही, पण घाई केली तर मरण शे. मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, वर उचलल्यावर चाक फिरतं, जोर लागत नाही. एक नट काही केल्या हलेना, मंग पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तो करकर करत सुटला. जॅक लावला, खाली लाकडी ठोकळा दिला, कारण नुसत्या जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, हे रशीदभाईचं वाक्य. चाक काढलं की आत डिस्क दिसते, चकचकीत थाळी, न तिला दोन्हीकडून दाबून धरणारा तो कॅलिपर. मला तर पाहिल्याबरोबर बापाची सांडशी आठवली. तिच्या चिमटीत इकडून एक न तिकडून एक पॅड. खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलून तारेनं बांधला, कारण त्याची ब्रेकची नळी लोंबकळता कामा नये. जुने पॅड काढले तर एकावर मसाला उरलाच नव्हता, नुसता पत्रा. मंग आतला दट्ट्या शिकंज्यानं हळूहळू मागं दाबायचा, आणि दाबता दाबता वर बाटलीतलं ब्रेकचं तेल सांडत नाही ना पाहायचं. नवे पॅड बसवायचे, बोल्ट आवळायचा, चाक चढवायचं. एक बाजू झाली, दुसरी झाली. रशीदभाईच्या इथं गाडी थांबवून किती वेळा पाहिलं होतं, न मोबाईलवर पण पाहिलं. गल्लीतले लोक येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. कुणी म्हणे, बापूची बायको फिटर झाली. मी म्हटलं झाली, तुमच्या सायकली आणा.

बठ्ठं झालं तेव्हा दुपार उलटली होती. हात कोपरापर्यंत काळे. मी आत गेले, साबणानं, राखेनं हात घासले, अंघोळ केली, चहा टाकला. चहा पिऊन बाहेर आले, गाडीत बसले, ब्रेकचा पाय पंपासारखा मारला, घट्ट लागेपर्यंत, कारण नवे पॅड टाकल्यावर पहिला पाय खाली जातो. मंग गल्लीतच जरा पुढं नेऊन ब्रेक मारला न काय सांगू तुम्हाला, गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली, न आमच्याच ओट्याशी, ह्यांच्या पायाजवळ जाऊन थांबली. हातभर अंतर राहिलं असेल.

बठ्ठे हसले. हसणार नाहीत तर काय. न हे उठून उभे राहिले, हात पुढं केला न म्हणले, चावी. बोलणं एवढंच. मी चावी काढली न त्यांच्या हातावर ठेवली, त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली. अट ती अट. पण मी म्हटलं चावी घ्या, पाना माझ्याकडे शे. न पुन्हा जॅक लावला. लोक म्हणाले, आता राहू दे बाई, माणूस बोलाव. मी ऐकलं नाही. माझं मन मला सांगत होतं की माझ्या हातून चूक झालेली नाही. आपण केलेलं काम आपल्या हाताला ठाऊक असतं.

गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावा ब्रेक धरतोय न उजवा धरत नाही. उजवं चाक काढलं. काढल्याबरोबर वास आला. तिळाचं तेल, दिव्याचं. डिस्कवर तेल, पॅडवर तेल, न तेलात कुंकू. मी मान वर केली तर जिजी माझ्याकडेच पाहत होती, हातात देवघरातली तेलाची वाटी.

जिजी काही घाबरली बिबरली नाही. म्हणे, मीच घालं, तू आंग धोवाले गयी तवय. बठ्ठा आठोडा चाक बोंबली राहिनं व्हतं, मी आयकी राहिनी व्हती. बैलगाडीनं चाक बोंबललं ते वंगण घालतस का नही? तू लोहारनी पोर शेस, तुले मालूम नही का? डावं चाक ओटाकडे व्हतं, मना हात नही पोचना, उजवामा जाईसन घालं, भर घालं. आज नवमी शे, लोखंडले तेल वहावं म्हणीसन.

आता ह्या बाईवर रागवायचं कसं? ती खरंच बोलत होती. माझा बाप धाव चढवून झाली की आसात वंगण घालायचा न म्हणायचा, जा आता, चाक बोलणार नाही. जिजीनं सासऱ्याच्या गाडीला जन्मभर तेच केलं. तिला काय ठाऊक, हे चाक बोललं तर पळण्यासाठी नाही, थांबता येईना म्हणून बोलतं. ब्रेकला तेल म्हणजे विष, हे तिला कोण सांगणार?

सांगणारा होता. तो ओट्यावर बसला होता. न तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ग्रीसचं बोट पाहून गॅरेज डोक्यावर घेणारा माणूस, ब्रेकमध्ये वाटीभर तेल गेलं हे ऐकून एक शब्द बोलला नव्हता. दचकला सुद्धा नव्हता. सुपारी चघळत होता. मी जिजीला विचारलं, कुणाला विचारलं होतं का तेल घालताना? जिजी म्हणे, हा, बापूले इचारं ना. बापू, तेल घालू का रे चाकमा? तो चूप बसना. चूप म्हनजे हाच ना?

गल्लीतलं हसणं थांबलं. मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं खरं का? हे म्हणले, मला वाटलं गल्लीतच कळेल, गाडी आज रस्त्यावर थोडीच जाणार होती. बस. म्हणजे मी हरावं म्हणून गप्प बसले. माझी गाडी नाही, माझं काम नाही, अक्काचा उद्याचा दिवस पणाला लावला ह्या माणसानं, न तोही एक शब्द न बोलता.

मला रडू आलं नाही. राग आला. एवढ्या वर्षांत ह्यांच्यापुढं माझा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशी चढला, न अहिराणीतच चढला. म्हटलं, उठा. आते उठा. डोळा गयात तुमना, जीभ नही गयी. एक शब्द बोलतात ते काय झिजी जाता? तेल पेयेल पॅड मी गाडीले लावाव नही. रशीदभाईकडे जा न उजव्या चाकना नवा पॅड लई या. मी नही जावाव. तुम्ही जा. जिजी, तेस्ना हात धर.

बापू ड्रायव्हर ओट्याखाली उतरला. मी सांगते ना, उतरला. सगळ्यांच्या देखत, ऐंशीच्या पुढच्या आईचा हात धरून, गल्लीतून, चौकातून, रशीदभाईच्या अर्ध्या शटरपर्यंत. मला दया आली का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते, आली. पण मी परत बोलावलं नाही. मी तोवर पेट्रोलचा कपडा घेऊन डिस्क पुसत बसले. जिजीनं नंतर मला सांगितलं काय झालं ते. रशीदभाई म्हणले, पान्याला मी हात लावणार नाही, पण पॅड काय हत्यार नाही, घेऊन जा. न विचारलं, भाभी का नाही आली, तुम्ही कशाला त्रास घेतला? तर हे म्हणले, गाडीवालीनी मंगाडेल शेत, म्हणजे गाडीवालीनं मागवलेत. गाडीवाली. तोपर्यंत मला त्या घरात कुणी गाडीवाली म्हटलं नव्हतं. ह्यांनी तर नाहीच.

परत आले. पॅड माझ्या हातात दिले, माफी बिफी काही नाही, न मला ती नको होती. चाकाजवळ उकिडवे बसले, नाक डिस्कजवळ नेलं न म्हणले, अजून वास येतोय, मागच्या अंगाला पूस. मी पुसलं. पुन्हा नाक लावलं, म्हणले, अजून. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा म्हणले, आता ठीक. मी पॅड बसवले, चाक चढवलं, नट आवळले. मंग उठले न ह्यांच्या खिशातून चावी काढून घेतली. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. काढून घेतली. दिवेलागणीला पाय पंप केला, गल्लीत ब्रेक मारला, गाडी सरळ जागच्या जागी उभी. बघायला तेव्हा कुणी नव्हतं, बठ्ठे पोळ्या खायला गेले होते. लोकांना पडलेलं पाहायला वेळ असतो.

दुसऱ्या दिवशी, गावात कुणाच्या गाडीला हार पडायच्या आत, मी अक्काला घेऊन निघाले. हायवेला चढले न पुढं केळीनं भरलेली ट्रॉली अचानक आडवी आली. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. अक्का मागं झोपली होती, तिची झोप सुद्धा मोडली नाही. मला कुणी शाबासकी दिली नाही न मी वाट पण पाहिली नाही, अक्काचं घोरणं पुरे होतं.

आता? आता काय, गाडी चालू शे, अक्का पण शे, देवाच्या कृपेनं. जिजी शे, फक्त खंडेनवमीच्या दिवशी मी तेलाची वाटी कुलपात ठेवते, न ती कुरकुर करते की सून देवालाही तेल घालू देत नाही. पाट तीच मांडते, पकड, जॅक, बठ्ठं मांडते, कुंकू लावते. पाना मांडत नाही. पाना माझ्या हातात असतो, दरवर्षी त्याच दिवशी मी चारही चाकं उघडून पाहते, पुरणपोळ्या आमच्या हे लाटतात, जाड लाटतात, खाव्या लागतात. मायला म्हणावं, सुट्टी कोणी देत नसतं, घ्यावी लागते. गल्लीतल्या दोघी-तिघी आता येऊन विचारतात, चाक कसं काढायचं शिकव. शिकवते. आधी दगड लावायला शिकवते.

ह्यांना मी माफ केलं का? नाही बा. तेवढं मोठं मन नाही माझं. पण टाकलं पण नाही. अक्काच्या फेरीला आता पुढं माझ्या शेजारी बसतात, कान देऊन, चाकाचा आवाज ऐकत. बसा, म्हटलं, ओट्यापेक्षा बरं. तुम्ही इतक्या लांबून आलात माझं ऐकायला, तुमची पोरंबाळं रोज सुखरूप घरी येवोत, न त्यांची गाडी जिथं थांबवायची तिथंच थांबो, एवढंच मागते. न हे लिहा शेवटी. समोर ट्रॉली आली, ढोरं आली, की आमचे हे शेजारी बसून उजवा पाय जोरात खाली दाबतात. तिथं काही नाही, नुसता पत्रा शे. मी म्हणते दाबा, दाबा, तुमचं समाधान. ब्रेक माझ्या पायाखाली शे.